सहा तासांचं घड्याळ आधी समजून घे

अरे नवीन अ‍ॅडमिन झालायस ना, मग अँटिव्हायरस वगैरे नंतर बघ, आधी सर्ट-इनचे (सायबर हल्ल्यांचं बघणारी केंद्र सरकारची संस्था) 28 एप्रिल 2022 चे निर्देश नीट वाच, प्रायव्हेट कंपन्यांनाही लागू आहेत ते, "आपली कंपनी छोटी आहे" हे चालत नाही. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस), डेटा लीक असं काही लक्षात आलं की 6 तासांत सर्ट-इनला कळवायचं, लक्षात आल्यापासून हां, हल्ला झाल्यापासून नाही. सगळी माहिती हातात नसेल तरी आहे तेवढी पाठव, बाकीची नंतर देता येते. बॉसची परवानगी घेण्यातच निम्मा वेळ जातो म्हणून कोण कळवणार ते आजच लेखी ठरवून घे.

दुसरं म्हणजे लॉग, म्हणजे सिस्टीममध्ये कधी काय झालं त्याच्या नोंदी, 180 दिवसांचे ठेवावे लागतात आणि फायरवॉलची (नेटवर्कमध्ये येणारं-जाणारं तपासणारी यंत्रणा) छोटी डिस्क काही दिवसांतच जुने लॉग पुसून टाकते, तेव्हा वेगळा सिसलॉग सर्व्हर (सगळ्या मशीनचे लॉग एका जागी साठवणारा) लावच. आणि घड्याळं! एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरशी, जुळलेली हवीत, फायरवॉल 10:05 दाखवतोय आणि सर्व्हर 9:52, मग कोण आधी आत शिरलं ते शोधत बस. 6 तासांची मुदत मला तरी जरा कडकच वाटते, रविवारी रात्री कोण जागं असतं, पण नियम आहे. न पाळल्यास आयटी कायद्याच्या कलम 70ब खाली कैदसुद्धा होऊ शकते.