प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीने पायांची जळजळ निम्मी झाली, पण दिवसभर गुंगी असते. गोळी चालू ठेवावी का?

हो, सध्या चालू ठेवा, पण आहे त्याच डोसवर रेटू नका. डोस कमी करता येईल का किंवा त्याचा मोठा भाग रात्री घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. नसांच्या दुखण्यात वेदना पूर्ण जाणं विरळाच. अभ्यासांमध्ये ३० टक्के घट झाली तरी औषध उपयोगी पडलं असं धरतात, आणि प्रीगॅबालिनचा ५० टक्के आराम साधारण सात-आठ जणांमागे एकालाच औषधामुळे म्हणून मिळतो. तुम्ही त्या एकात असाल, तर गोळी सहज सोडून देण्यासारखी नाही. शिवाय गुंगी आणि चक्कर बहुतेकदा सुरुवातीच्या किंवा डोस वाढवल्यानंतरच्या काही आठवड्यांत ओसरते. वजन वाढणं आणि पायांवरची सूज मात्र अशी आपोआप जाईलच असं नाही, त्यामुळे माझ्या मते खरा हिशेब त्यांचा करावा. दोन आठवडे रोज वहीत एवढंच लिहा:

- वेदना, ० ते १० मध्ये
- झोप कशी लागली
- गुंगीमुळे कोणतं काम राहिलं (हा रकाना डॉक्टरांना सर्वांत उपयोगी)

गुंगी असेपर्यंत गाडी चालवू नका. गोळी मनाने एकदम बंद करू नका, ती किमान आठवडाभरात हळूहळू उतरवतात. दोन आठवड्यांच्या नोंदीला अपवाद एकच: मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा सोबत ट्रामाडॉल (तीव्र वेदनाशामक), झोपेची गोळी, दारू यांपैकी काही असेल, तर दोन आठवडे थांबू नका, आजच डॉक्टरांना कळवा.