एचआयव्हीत अँटिबॉडी तयार होतात, मग हिपॅटायटिस बीची लस का लागू पडत नाही?

प्रश्न वाचला आणि दादाचा रिपोर्ट आठवला. त्याला विचारूनच लिहितोय.

मी कोल्हापुरात लॅब टेक्निशियन आहे. दादाचं एचआयव्हीचं निदान झालं त्या आठवड्यातलं रक्तातलं टोटल प्रोटीन ९.४, त्यात अल्ब्युमिन ३.५. बाकीचं ५.९ सगळं ग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडी ज्यात येतात ती प्रोटीनं. मंगळवार पेठेतल्या घरी काकांनी चष्मा लावून ९.४ वर बोट ठेवलं. "प्रोटीन वाढलंय की! रक्तात ताकद हाय पोराच्या. गोळ्या कशाला पायजेत?" मी घसा फोडून सांगितलं, पण दादाने थोरल्यांचं ऐकलं. चार महिन्यांत न्यूमोनिया. अकरा दिवस ऑक्सिजनवर.

ती ताकद नव्हती. विषाणूमुळे बी पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, सतत चेतलेल्या राहतात आणि वाटेल त्या अँटिबॉडी ओततात, बहुतेक बिनकामाच्या. नेमकी अँटिबॉडी बनवायला लसिका गाठींत सीडी४ पेशींनी (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या पांढऱ्या पेशी) बी पेशीला तयार करावं लागतं. विषाणू तिथेच ठाण मांडून बसतो. आठवण ठेवणाऱ्या बी पेशी घटतात, उरलेल्यांपैकी बऱ्याच थकतात. एचआयव्हीविरुद्धची अँटिबॉडी बनते, एलायझा या रक्तचाचणीत आम्ही तीच पकडतो, पण तोवर विषाणूने रूप बदललेलं असतं. अँटिबॉडी सापडली म्हणजे शरीर जिंकतंय, हा समज साफ चुकीचा.

गोळ्या सुरू झाल्या झाल्या दादाला हिपॅटायटिस बीचे तीन डोस दिले. टायटर, म्हणजे लसीने बनलेल्या अँटिबॉडीचं रक्तातलं प्रमाण, आला ४, हवा १० च्या वर. काका म्हणाले, "लसच बोगस." वर्षभराने विषाणू रक्तात सापडेनासा झाल्यावर डॉक्टरांनी दुप्पट मात्रेचे चार डोस दिले. टायटर ८६. ट्यूब मीच लावली होती, खात्रीसाठी दोनदा.

सगळ्यांनाच लस लागू पडत नाही असं नाही हं. सीडी४ चांगला आणि विषाणू दबलेला असेल तर अनेकांना पडते. ग्लोब्युलिन इतर आजारांतही वाढतं, त्यावरून निदान करू नका. आणि गोळ्यांनी बी पेशी पुष्कळ सावरतात, पण उशीर झाला तर गेलेली आठवण पूर्ण भरून येत नाही. २०१७ पासून आपल्याकडे सीडी४ किती का असेना, निदान झालं की गोळ्या सुरू करतात, सरकारी एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचार) केंद्रात फुकट.

काका, दादाचे ते चार महिने वाया गेले ते तुमच्या त्या बोटामुळे. रिपोर्ट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, एकदा ग्लोब्युलिनची ओळही वाचून जा.