हिवाळ्यात ट्रेलवर धावून मायलेज वाढवायचंय, पण पहाटे उठायचं मनच होत नाही. काय करू?

तू लिहिलंयस की तू एस.वाय.ला आहेस, कॉलेजकडून पाच हजार मीटर आणि क्रॉसकंट्री धावतेस. आठवड्याला ४० किलोमीटर होतात, हे तुझं मायलेज. ते डोंगरातल्या वाटांवर, म्हणजे ट्रेलवर, सराव करून जानेवारी संपेपर्यंत ७० वर न्यायचेत. महिनाभर जोरात झालं, आता गजर वाजला की रडू येतं. आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य आहे: ‘सर म्हणतात, तुझं मन कच्चं आहे.’

त्या वाक्यासाठी लिहायला बसलेय. हेच वाक्य, याच शब्दांत, मी डिसेंबर २००३ मध्ये ऐकलं. तेव्हा माझ्या उजव्या नडगीच्या हाडाला चीर गेलेली होती.

मी कांदिवलीची, कॉलेज टाउनमध्ये, म्हणजे दक्षिण मुंबईत. त्या वर्षी आमच्या सरांनी जिमखान्याच्या भिंतीवर एक तक्ता लावला. प्रत्येकीच्या नावापुढे आठवड्याचे किलोमीटर, दर सोमवारी भरायचे. तोपर्यंत मी ३५ च्या आसपास धावायचे आणि मला ते आवडायचं, इतकंच. तक्ता लागल्यावर आमच्यातली एक जण ५० वर गेली. मी ५२ केले. तिने ५८. पाच आठवड्यांत मी ३५ वरून ७० वर पोचले. सव्वाचारची लोकल, पावणेसहाला मरीन ड्राइव्ह, नरिमन पॉइंट ते चौपाटी आणि परत, असे दोन फेरे फुटपाथवरून, मग साडेसातचं लेक्चर. आई साडेतीनला उठून डबा करायची. तो मी साडेदहाला उघडायचे. म्हणजे १४ किलोमीटर धावून, तीन तास लेक्चरं ऐकून, तोवर पोटात चहा आणि दोन बिस्किटं. ऑक्टोबरपासून पाळी आली नव्हती. मला बरंच वाटलं होतं, एक कटकट गेली. मी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

नडगी आधी नुसती धावताना दुखायची. मग धावून झाल्यावरही. मग पुलाचे जिने उतरताना, मग रात्री अंथरुणात. दुखणं पसरलेलं नव्हतं, बोट ठेवून दाखवता यायचं, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. सगळ्यांनी सांगितलं, शिन आहे, म्हणजे धावून नडगी नुसती दुखावलीय, बर्फ लाव. एक्सरे काढला, त्यात काही दिसलं नाही. (अशी बारीक चीर सुरुवातीच्या आठवड्यांत एक्सरेत बहुतेक वेळा दिसतच नाही, हे मला नंतर कळलं.) तो एक्सरे घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी तो उजेडाला धरून पाहिला, परत दिला आणि अख्ख्या टीमसमोर म्हणाले, ‘पाय ठणठणीत आहे. मन कच्चं आहे.’

मी आणखी नऊ दिवस धावले. दहाव्या दिवशी चौपाटीला वळसा घेताना पाय खाली टेकवेना. बोन स्कॅनमध्ये चीर दिसली. सहा आठवडे कुबड्या. विद्यापीठाची क्रॉसकंट्री गेली. फेब्रुवारी २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली, तेव्हा बाबा मला पेडर रोडच्या चढावर घेऊन गेले. माणसांचा पूर वर येत होता आणि मी बाबांचा शर्ट धरून रडत होते. पाय दुखतोय म्हणून रडते असं त्यांना वाटलं. मला त्या दिवशीसुद्धा खरंच वाटत होतं की आपण मनाने कमी पडलो.

आता हाडाचं ऐक, कारण तुझ्या प्रश्नातलं मुख्य ते आहे. भार वाढला की दम काही आठवड्यांत वाढतो. हृदय, फुप्फुसं, रक्त पटापट तयार होतात, म्हणून आपल्याला वाटतं की अजून झेपेल. हाड तसं नाही. भार वाढल्यावर शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. हे एक आवर्तन पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कमजोर असतं, आणि नेमकं तेव्हाच तुला सगळ्यात फिट वाटत असतं. मी पाचव्या-सहाव्या आठवड्यात मोडले ते उगाच नाही. त्यात खाणं कमी पडलं की शरीर काटकसर सुरू करतं. आधी पाळी थांबवतं आणि हाड भरणंही मागे ढकलतं. मला आलेला थकवा, गजर वाजल्यावर येणारं रडू, जिना चढायचा कंटाळा, हे सगळं त्या उपाशी शरीराचं होतं. मी ते स्वभावाच्या खात्यात टाकलं. माझ्या सरांनीही तेच केलं.

म्हणून तुला मोटिव्हेशनचा उपाय सांगायच्या आधी मी विचारणार: पाळी नियमित आहे का? धावून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर खातेस का? हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) शेवटचं कधी तपासलं? तीन महिने पाळी आली नसेल तर धावणं बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा. लाजू नकोस. मी लाजले.

पुढच्या हिवाळ्याचं सांगते. मला परत धावायचं होतं आणि आईने साफ नकार दिला. शेवटी एक अट घातली: आत्याबरोबर जायचं. आत्या बोरिवली पूर्वेला राहायची. तेव्हा बावन्न वर्षांची होती, आणि रोज सकाळी नॅशनल पार्कात कान्हेरीच्या रस्त्याने चालायला जायची. गेटपासून लेण्यांपर्यंत साधारण सहा किलोमीटर आहे, ती निम्म्यापर्यंत जाऊन परतायची. साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात काठी. तिची अट आईच्याही वर होती: नजरेआड व्हायचं नाही. बिबट्याचं जंगल आहे, एकटी पोर मी सोडणार नाही.

मग मी काय करायचे? पुढच्या वळणापर्यंत रस्त्याच्या कडेच्या मातीतून धावत जायचे आणि परत येऊन आत्याला शिवायचे. परत पुढच्या वळणापर्यंत, परत येऊन शिवायचे. लहानपणी खेळतो ना, तसं. ती नुसतं म्हणायची, ‘शिवलीस? जा.’ पहिले तीन आठवडे फक्त वीस मिनिटं असं धावायचे आणि बाकी वेळ तिच्याबरोबर चालायचे. नोव्हेंबरअखेर अर्धा तास. डिसेंबरात पाऊण. जानेवारी संपता संपता दीड तासातला जवळजवळ सगळा वेळ मी धावत होते. घड्याळ आत्याच्या हातात होतं. किलोमीटर कुणीच मोजत नव्हतं. सोमवारी तिचा उपवास, म्हणून सुट्टी. परतल्यावर ती गॅसवर पोहे टाकायची आणि दोन उकडलेली अंडी संपल्याशिवाय मला दारातून बाहेर सोडायची नाही. फेब्रुवारीत एकदा बसून हिशोब केला, तर आठवड्याला ६५ च्या पुढे होत होते. तक्त्यावरच्या सत्तरला पाचच कमी, आणि नडगीवर कुठेही दाबलं तरी काही दुखत नव्हतं. मार्चमध्ये पाच हजार मीटर पहिल्यांदाच वीस मिनिटांच्या आत धावले.

त्या चार महिन्यांत मला एकदाही मोटिव्हेशन लागलं नाही. आत्या गेटपाशी उभी असायची. ती थंडीत एकटी थांबू नये म्हणून मी उठायचे.

तेव्हा माझं म्हणणं असं: ४० वरून ७० एका हिवाळ्यात करू नकोस. ५० ते ५५ पुष्कळ झाले, आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम खाली ये. डोंगरातला सराव मिनिटांत मोज. चढावर किलोमीटरला आठ मिनिटं लागली की तुला वाटणार आपण मागे पडलो, आणि तू सपाटीवर येऊन त्याची भरपाई करणार. माझ्या ओळखीच्या तिघीजणी अशाच जायबंदी झाल्यात. चढ चालून चढलीस तरी तो सराव आहे. उतार मात्र जपून, कारण उतारावर मांड्या आणि नडग्या दोन्ही मार खातात. सह्याद्रीत हिवाळ्यात गवत वाळतं, मुरूम सुटा होतो आणि घसाऱ्यावर पाय सरकतो. तिथे लहान पावलं टाक.

हल्ली सरसकट ऐकायला मिळतं की कविता राऊत सावरपाड्याच्या डोंगरात घडली, ललिता बाबर मोहीच्या माळावर, अविनाश साबळे मांडव्यात शाळेला चालत-पळत जायचा, आणि तुम्हा शहरातल्या पोरींना गजर सोसत नाही. आमचे सर हे तेव्हाच्या दुसऱ्या नावांनी म्हणायचे. अरे, पण त्यांचे पाय सहाव्या-सातव्या वर्षापासून माती आणि चढउतारावर तयार होत आले. वर्षानुवर्षं, हळूहळू, रोज. रिक्षाने शाळेत गेलेल्या मुलीला तेच पाच आठवड्यांत द्यायला निघालात तर ती मोडणारच. ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलपर्यंत गेली, त्यामागे किती हिवाळे असतील ते मोजा.

सरांचं दुसरं दैवत म्हणजे न्यूझीलंडचे धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड. आठवड्याला शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर. त्यांचे धावपटू रविवारी वायाटारुआच्या चढउतारांवर २२ मैल धावायचे, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरी हालबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण घेतलं. खरं आहे. पण लिडियार्डने ते मायलेज आधी कित्येक वर्षं स्वतःच्या पायांवर करून पाहिलं, आणि त्यांची मुलंही त्यात वर्षांनी मुरली. भिंतीवर तक्ता लावून पोरींना एकमेकींवर सोडणं वेगळं.

जागेचं विचारलंयस. नॅशनल पार्कात मुख्य रस्ता सोडून परवानगीशिवाय आतल्या वाटांवर जाऊ नकोस, ठाण्याच्या बाजूला येऊरलाही तोच नियम धर. रविवारसाठी मला माथेरान आवडतं. कर्जत लोकलने नेरळ, वर दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी आहे, लाल मातीचे रस्ते आणि डोक्यावर झाडं. आठशे मीटर उंचीवर हवाही बरी असते. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत वारा पडतो आणि सकाळी धूर खालीच साचून राहतो, त्यामुळे हायवेच्या कडेने पहाटे पळण्यात काही पुण्य नाही. आणि पहाटेचाच हट्ट कशासाठी? जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला आरे किंवा पार्काच्या कडेला काळोख असतो आणि ती वेळ बिबट्याची. मधल्या दिवसांत संध्याकाळी पाचला धाव आणि रात्री नीट झोप. एकटी तर कुठल्याच वेळी जाऊ नकोस.

एक-दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मातीवर धावलं की हाड मोडत नाही, असं नाही. मायलेज झपाट्याने वाढलं तर ट्रेलवरही चीर जाते, शिवाय घोटा मुरगळायची भीती वेगळी. माझ्या मते मातीचा फायदा हा की प्रत्येक पाऊल वेगळं पडतं आणि एकाच जागी मार बसत नाही. स्पर्धेच्या आधीचे काही आठवडे तुला सपाट मैदानावर वेगाचा सराव लागेलच, नुसत्या डोंगराने पाच हजारचं टायमिंग येत नाही. आणि आमच्या त्या तक्त्यावर ५८ वाली मुलगी ७५ पर्यंत गेली, तिला काहीही झालं नाही. सगळ्यांची हाडं सारखी नसतात. सरांबद्दलही एक सांगायला हवं: माझे पहिले स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणले होते. ते वाईट नव्हते. त्यांनी मला एक प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नाही. बोन स्कॅनचा रिपोर्ट मी त्यांना दाखवायला गेले होते. ‘बरी हो लवकर’ म्हणाले. ते वाक्य परत घेतलं नाही.

तुझ्या सरांशी भांडू नकोस, पण आकडा त्यांच्यासाठी वाढवू नकोस. आज रात्री खाटेवर बसून दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खालपर्यंत ने. पसरून दुखत असेल तर आठवडाभर निम्मं कर. एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत कळ आली, तर धावणं त्याच क्षणी बंद, आणि एक्सरेवर समाधान मानू नकोस, एमआरआय सांगा म्हणून डॉक्टरांना स्वतः विचार. काय निघालं ते मला कळव.