बियाणं चोरलं, आता स्पेल बंद?

प्रश्न: दिग्रस तालुक्यातल्या आमच्या खेड्यात आम्ही चार पोट्टे डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ, 2014 च्या नियमांच्या पुस्तकावर. माझा पाचव्या लेव्हलचा क्लेरिक (देवाच्या शक्तीनं मंत्र चालवणारा पुजारी) पीकपाण्याच्या देवीचा आहे. पार्टी, म्हणजे आमच्या पात्रांची टोळी, उपाशी होती म्हणून त्यानं एका विधवेच्या कोठीतलं बियाण्याचं पोतं उचललं. आतेभाऊ डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, आहे. तो म्हणतो, देवी कोपली, आता एकही स्पेल (मंत्र) चालणार नाही. काहून? पुस्तकात तर असं काही नाही.

उत्तर: काहून म्हणून विचारतोस? बियाणं उचललंस बाप्पा! खायचे दाणे उचलले असतेस तर मी तुझ्या बाजूनं भांडलो असतो. मृगाच्या तोंडावर कोठीतलं बियाणं गेलं म्हणजे त्या बाईचं वर्ष गेलं. देवी कोपणारच.

पण सगळेच स्पेल बंद, हे मला पटत नाही. 2014 च्या पुस्तकात क्लेरिकची शक्ती आपोआप जाते असा नियम नाही, हे तुझं खरं. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र होता: देवाचा आचार धडधडीत मोडला की प्रायश्चित्त होईपर्यंत सगळं बंद. आतेभावानं तिथूनच उचललेलं दिसतं. याच खेळातल्या एबेरॉन नावाच्या जगात खेळत असता तर वादच नव्हता. तिथं देव समोर येत नाहीत, शक्ती श्रद्धेतून येते, त्यामुळे लबाड पुजाऱ्याचेही मंत्र चालतात. (असे पुजारी आपल्याला नवे नाहीत.)

मला आवडते ती या खेळाच्या जनकांपैकी एक, गायगॅक्सनं 1979 च्या डीएमच्या पुस्तकात लावलेली व्यवस्था. (स्पेलची लेव्हल वेगळी, पात्राची वेगळी.) पहिल्या-दुसऱ्या लेव्हलचे स्पेल क्लेरिकच्या स्वतःच्या श्रद्धेवर आणि शिकवणीवर मिळतात, तिसऱ्या ते पाचव्याचे देवाचे दूत देतात, त्याच्या वरचे खुद्द देव. सातबाऱ्यासाठी कोणी कलेक्टरकडे जात नाही, तसंच.

तुम्ही हेच लावा. जखम भरणारा क्युअर वूंड्स, आशीर्वादाचा ब्लेस राहू द्या. ते तुझ्या गड्यानं कमावलेत. तिसऱ्या लेव्हलचे बंद. म्हणजे मेलेल्याला मिनिटाच्या आत, हिरा खर्चून, जिवंत करणारा रेव्हिव्हिफाय गेला. आता पाहा: सोबती मरून पडलाय, मिनिट भरत आलंय, 300 सोन्याच्या नाण्यांचा हिरा तुझ्या मुठीत आहे, तू देवीचं नाव घेतोस आणि हिरा आहे तसाच राहतो. सगळं बंद केलं असतं तर तू भिंतीला टेकून मोबाइल पाहत बसला असतास. आता सतरंजीवरून कोणी उठणार नाही.

प्रायश्चित्त देवळात नको, नारळावर सुटण्यासारखं हे नाही. पोतं दिढीनं परत कर, एकाचं दीड. त्या बाईच्या वावरात पेरणी तुझ्या पार्टीनंच करायची आणि उगवेपर्यंत तिसऱ्या लेव्हलचं नाव काढायचं नाही. पावसाचं आतेभावानं वीस बाजूंच्या फाशावर ठरवावं, तेही सगळ्यांसमोर. पाचच्या खाली आला, तर दुबार पेरणी.