शब्दकोडं सोडवलं की मेंदूची काळजी मिटली का?

प्रश्न : वय ५८, राहायला दादरला. रोज शब्दकोडं सोडवतो. मेंदूसाठी एवढं पुरे का? रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण बरेच दिवस दाब मोजलेला नाही.

उत्तर : कोडं जरूर सोडवा, पण तुमच्या बाबतीत आधी रक्तदाब. वाढलेला दाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब करत राहतो, तेही काही न दुखता. दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या. लघवीला जाऊन या, पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळी गोळीआधी आणि रात्री, असं ७ दिवस, आणि आकडे वहीत लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही डॉक्टरांना दाखवा. चहानंतर लगेच किंवा जिने चढून आल्या आल्या मोजलं, की आकडा फुगतो. पट्टा दंडाला लहान पडला तरीही. गोळी मनानं बंद करू नका.

शिवाजी पार्कला फेऱ्या मारा : आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. लोणचं, पापड, फरसाण कमी. टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल तर कान तपासून घ्या. कमी ऐकू येण्यानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, आणि श्रवणयंत्र लावायला लोक उगाच लाजतात.