अनुभवाचा दाखला विकत घेऊ नका

मोहोळ तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा सोलापुरातनं आयटीआय फिटर झालाय, सध्या घरीच आहे, त्याला बॉयलर ऑपरेटरचं, म्हणजे कारखान्यात वाफ करणारा बॉयलर चालवायचं, लायसन काढून द्यायचंय. मेव्हण्यांच्या ओळखीतला एकजण पैसे घेऊन अनुभवाचा दाखला करून देतो म्हणतोय, म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आत पोरगं साखर कारखान्यात. प्रश्न एवढाच, की या लायसनला स्कोप किती? आणि पोलीस भरतीचा फॉर्म भरावा का?

दादा, फॉर्म भरू द्या, फक्त त्यासाठी त्याला घरी बसवू नका. स्कोपचं पुढं सांगतो, आधी त्या दाखल्याचं बोलू, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटली.

गेज ग्लासमध्ये, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत, पाणी दिसेनासं झालं की नवखा माणूस घाबरून पाणी देणारा फीड पंप चालू करतो. नेमकं तेच करायचं नसतं. तोवर आतल्या नळ्या, म्हणजे ट्यूबा, लालबुंद झालेल्या असू शकतात, त्यावर पाणी गेलं की एकदम वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की तिला साध्या दाबाला सोळाशेपटीच्या वर जागा लागते, ती बॉयलरमध्ये कुठनं येणार? तिथं आधी बगॅस, म्हणजे जळणाचा उसाचा चोथा, बंद करायचा, फॅन बंद करायचे, आग मोडायची, पाणी द्यायचं नाही. बरं, ती काच गाळानं तुंबली तर पातळी खोटीच दिसते, म्हणून ती पाळीपाळीला ब्लो करून, म्हणजे वाफ-पाणी सोडून साफ करून, बघायची असते. हे सगळं पुस्तकात वाचून पाठ होतं हो, पण रात्रपाळीला तीन वाजता हात बरोबर तिकडंच जायला बॉयलर चालवणाऱ्या एखाद्या जुन्या फायरमनशेजारी हंगाम काढावा लागतो. तुम्ही पैसे देऊन नेमका तोच हंगाम गाळताय. काही झालं तर सगळ्यात पुढं तुमचाच मुलगा उभा असणार, आणि चौकशीत लॉगबुकवर सहीही त्याचीच निघणार.

अजून एक गैरसमज तुमच्या पत्रात दिसला, तो बऱ्याच घरांत आहे. लायसन म्हणजे कोर्सचं सर्टिफिकेट नव्हे. क्लासवाले फार तर परीक्षेची तयारी करून घेतील, प्रमाणपत्र मिळतं ते राज्याच्या बाष्पके संचालनालयाच्या, म्हणजे बॉयलरच्या सरकारी खात्याच्या, परीक्षेतनं, आधी दुसरी श्रेणी, मग पहिली, आणि केवढा बॉयलर सांभाळता येईल ते श्रेणीवर ठरतं. अनुभवाची अट त्या परीक्षेला बसण्यासाठीच आहे. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा आला, तरी बॉयलर पात्र माणसाच्याच ताब्यात पाहिजे हे काही बदललेलं नाही.

आता स्कोप. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, पण काम हंगामी. सीझन संपला की बॉयलर उघडून ट्यूबा साफ करतात, तपासणीची तयारी करतात, शिकायला ते दिवस फार चांगले, त्याला तेव्हा घरी बोलावून घेऊ नका. वर्षभर वाफ लागते ती कापड रंगवणाऱ्या डाइंग-प्रोसेसिंगवाल्यांना, म्हणून अक्कलकोट रोड, चिंचोळी एमआयडीसीतही चौकशी करा. अप्रेंटिसशिपमध्ये बॉयलर अटेंडंट हा वेगळा ट्रेड आहे, सरकारी पोर्टलवर नोंदणी करा, स्टायपेंडही मिळतो आणि अनुभव खरा मिळतो. पुढं डिप्लोमा केला तर अनुभवानंतर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा देता येते, पैसा खरा तिथं आहे.

आणि दादा, एवढ्या मोठ्या पत्रात मुलाचं म्हणणं एका ओळीतही नाही. उष्णता, धूळ, पाळ्या, आवाज, हे त्याला झेपणारंय का, आवडणारंय का? ओळखीच्या कारखान्यात परवानगी काढून त्याला एक अख्खी पाळी बॉयलर हाऊसमध्ये नेऊन दाखवा आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. तो नको म्हणाला तर फिटरचं काम काही वाईट नाही, त्यावर बोलू.

मेव्हण्यांना मात्र आजच फोन करून नाही म्हणून सांगा. ॲडव्हान्स दिला असेल तर तो बुडाला समजा, पण तो कागद मुलाच्या अर्जाला लावू नका.