प्रथिन मायटोकॉन्ड्रियात गेलं की नुसतं चिकटलं?

नळीत वेगळ्या केलेल्या मायटोकॉन्ड्रियांमध्ये प्रथिन आयात करण्याच्या प्रयोगात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसलेल्या मायटोकॉन्ड्रियांच्या गाळात त्या प्रथिनाचा बँड (जेलवरची पट्टी) दिसला म्हणजे आयात झाली असं समजू नका. टॉम संकुलाला (बाहेरच्या पटलातल्या प्रवेशद्वाराला) बाहेरून चिकटलेलं पूर्वप्रथिनही (अजून आयात न झालेलं मूळ प्रथिन) गाळात येतंच. म्हणून दोन नियंत्रणं प्रत्येक वेळी ठेवाच. एका नळीत १ मायक्रोमोलर व्हॅलिनोमायसिन घाला. आतल्या पटलावरचा विद्युतदाब कोसळतो आणि टिम२३ (आतल्या पटलातलं प्रवेशद्वार) मधली वाट बंद होते. दुसरं म्हणजे प्रोटिनेज के (प्रथिनं कापणारं विकर), ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, बर्फावर १५ मिनिटं. बाहेरचं सगळं कापलं जातं. त्यानंतर पीएमएसएफ (प्रोटिनेज थांबवणारं रसायन) घालायचं राहिलं, तर नमुना एसडीएसमध्ये (जेलआधी वापरायच्या डिटर्जंटमध्ये) विरघळवताना आत गेलेलं प्रथिनही हातचं जाईल. पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही, आयत्या वेळी घाला.

यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियांसाठी २५ अंश, आणि ऊर्जेसाठी एटीपी आणि एनएडीएच २-२ मिलिमोलर. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये ‘खोलीचं तापमान’ हे शब्द प्रोटोकॉलमधून खोडाच. नुसता हीटर असलेला वॉटर बाथ खोलीपेक्षा थंड होत नाही, थंड करणारा लागतो.

जेलवर १० टक्के इनपुट (सुरुवातीला घातलेल्या प्रथिनाचा दहावा भाग) शेजारी हवंच. संकेतखंड (प्रथिनाला मायटोकॉन्ड्रियात नेणारा सुरुवातीचा तुकडा) आत गेल्यावर कापला गेला की बँड खाली सरकतो. एडीपी-एटीपी वाहकासारख्या प्रथिनांत मात्र तो खंडच नसतो, तिथे निकाल प्रोटिनेजवरूनच ठरवा.